न दुखलेला पाय

माझ्या डाव्या पायाला तीन बोटं आहेत. पूर्वी पाच होती. उरलेली दोन कुठे गेली हे मी निरनिराळ्या लोकांना निरनिराळ्या प्रकारे सांगितलेलं आहे. ऑफिसातल्या एका टेक्सन सहकाऱ्याला सांगितलं, की नदीत पाय सोडून बसलो होतो, मगर आली. त्याने फक्त "केवढी होती?" एवढंच विचारलं. शेजारच्या चिनी आजोबांना सांगितलं, की गवत कापायच्या मशीनशी माझं भांडण झालं. मुलीच्या मैत्रिणींना सांगितलं, की बर्फाच्या डोंगरावर चढलो होतो, दोन बोटं शिखरावरच ठेवून आलो. सगळ्यांनी विश्वास ठेवला. खरं सांगायला लागलो की मात्र लोक हसतात आणि म्हणतात, "काका, काहीही काय!"

खरं असं आहे, की माझी दोन बोटं साबुदाणा वड्याने खाल्ली.

हे मी लिहितो आहे ते शुगर असलेल्या आणि "मला काही त्रास नाही हो" असं सांगत फिरणाऱ्या माझ्यासारख्या गड्यांसाठी. मंजू, म्हणजे माझी बायको, हे वाचून माझे आकडे दुरुस्त करणार आहे. त्या अटीवरच लिहायची परवानगी मिळाली आहे.

दोनशे माणसांचा फराळ

आम्ही ह्यूस्टनजवळ शुगर लँडमध्ये राहतो. शुगर लँडच्या माणसाला शुगर झाली, हा विनोद मला दवाखान्यात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत प्रत्येकाने ऐकवला. तुम्ही तो करू नका.

महाशिवरात्रीला आमच्या मंडळात एकत्र फराळ असतो. मी मीटिंगमध्ये छाती ठोकून सांगितलं, "वडे माझ्याकडे. दोनशे माणसांचे." (मंजू: साठ.) माझ्याकडे टर्की तळायचं भांडं आहे. अख्खी टर्की डोकं खाली करून उभी राहील एवढं उंच पातेलं, खाली गॅसची भलीमोठी शेगडी, बाजूला सिलिंडर. आमच्या पातेल्याने टर्कीचं तोंड कधी पाहिलेलं नाही. त्याला चकली माहीत, बटाटेवडा माहीत, शंकरपाळे माहीत. घरात तळण काढलं की पडद्यांना पुढच्या दिवाळीपर्यंत वास येतो, म्हणून आपली माणसं ही शेगडी घेतात आणि घरासमोर गाडी लावायच्या ड्राइव्हवेवर तळतात. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, की हे उघड्यावर वापरा, गॅरेजमध्ये नको. त्या खोक्यात आम्ही गणपतीची मखरं ठेवतो.

त्या सकाळी कोणीतरी वरून टब उपडा करावा तसं पाणी कोसळत होतं. मी सगळा संसार गॅरेजमध्ये ओढला. शटर अर्धं वर केलं. गॅरेजमधून स्वयंपाकघरात जायचं दार सताड उघडं ठेवलं, कारण वड्यांची ने-आण करायची होती. आणि स्वयंपाकघरातला स्मोक अलार्म बोंबलू नये म्हणून त्याला हॉटेलातून आणलेली शॉवर कॅप घातली. हसू नका, तुमच्याही घरी असते. आपल्या घरांतल्या अलार्मची अंघोळ कधी संपतच नाही.

तेवढ्यात दारात आई आली. माझी आई एक्याऐंशी वर्षांची आहे. नागपूरहून सहा-सहा महिने येऊन राहते, येताना पर्समध्ये पितळेची महादेवाची पिंड घेऊन येते आणि परत जाताना घेऊन जाते. सोबत असतो तिचा आवाज. तो पर्समध्ये मावत नाही.

"दिल्या, पायात काय आहे ते?"

"जोडे."

"महादेवाच्या नैवेद्याचं जोडे घालून तळून राहिला? काढ."

"आई, हे गॅरेज आहे."

"गॅरेजात महादेव नसते काय रे?"

आता सांगतो ते ऐका. मी एका केमिकल प्लांटमध्ये काम करतो. तिथे पोलादी टोकाचे बूट घातल्याशिवाय गेटच्या आत माशीलासुद्धा सोडत नाहीत. नव्या पोरांना सेफ्टीचं ट्रेनिंग मी देतो. बुटांवर माझं एक तासाचं भाषण आहे आणि त्यात स्लाइडा आहेत. त्या मी जोडे काढले. मोजेही काढले, कारण ते पारोसे होते.

वड्याने माझ्याकडे बघितलं

साबुदाणा मी पिकनिकच्या कूलरमध्ये भिजवला होता. एवढा साबुदाणा मावेल असं दुसरं भांडं घरात नव्हतं. कूलरला पाणी धरून ठेवायचंच शिकवलेलं असतं, त्याने ते इमानेइतबारे धरून ठेवलं. ओल्या साबुदाण्याचा वडा तेलात काय करतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं कळलंच असेल.

पहिला घाणा महादेवाला गेला. दुसरा घाणा झकास झाला. तिसऱ्या घाण्यात एक वडा हळूहळू फुगला, गरकन वळला, त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो फुटला. त्याच्यामागून त्याचे भाऊबंद फुटले. आवाज असा, की गल्लीतल्या कुत्र्यांनी गाव सोडलं. माणसं मात्र कोणी बाहेर आली नाहीत. टेक्सासमध्ये असल्या आवाजाला कोणी उठून बघत नाही.

तेल पातेल्याच्या काठावरून उसळलं ते माझ्या डाव्या पायावर आणि पायाखालच्या फरशीवर. समोर मोघे ट्रे धरून उभा होता. मोघे माझा जुना मित्र, मंडळाचा सेक्रेटरी. त्याच्या हातावर दोन थेंब उडाले तर तो असा किंचाळला, की दुसरा वडा फुटला असं मला वाटलं.

आणि मी? पायावर कोणी कोमट टॉवेल ठेवावा तसं काहीतरी वाटलं. बस.

"ओरडतोस काय लेका? पुढचा ट्रे दे," मी म्हणालो. आणि त्या तेलात उभा राहून उरलेले सगळे वडे तळले.

संध्याकाळी हॉलमध्ये मोघेने माइक हातात घेतला. "मित्रहो, उकळतं तेल पायावर पडलं, पण या माणसाने हूं की चूं केलं नाही! तुमचा फराळ थांबू दिला नाही!" टाळ्या. बायकांच्या रांगेतून हळहळ. मी उठून उभा राहिलो, पायाला पंचा गुंडाळलेला, आणि "आमच्या पिढीची हाडंच वेगळी" या विषयावर बोललो. आयुष्यात मला एवढ्या टाळ्या लग्नातही पडल्या नव्हत्या.

तेल भडकलं नाही, एवढंच नशीब. भडकलं असतं तर अलार्म वाजला नसता. तो टोपी घालून बसला होता.

उंदीर

पुढचे काही दिवस मी वीरपुरुष होतो. घरी येऊन प्रत्येक काकू आपापलं औषध सांगून गेली. एकीने टूथपेस्ट सांगितली, एकीने हळद आणि तूप, एकीने किसलेला बटाटा. मी कोणाचंच मन मोडलं नाही. माझ्या पायाचं आमच्या घरातलं सर्वांत चविष्ट थालीपीठ झालं होतं. पायावर फोड आले ते हुबेहूब वड्यांसारखे, पण दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे बरं होतंय, असा माझा हिशेब. दुखत नसेल तर डॉक्टरकडे जाऊन त्याला काय दाखवायचं?

शुगरचं म्हणाल तर ती बरीच वर्षं होती. आठवण झाली की गोळी, लग्नकार्य असलं की सुट्टी. कोणी विचारलं तर "बॉर्डरवर आहे" असं सांगायचो. ती बॉर्डर मी कधीच, व्हिसाशिवाय, ओलांडून गेलो होतो.

एके दिवशी मंजूला स्वयंपाकघरात वास आला. तिला वाटलं, फ्रिजमागे उंदीर मेला. तिने टॉर्च घेऊन फ्रिज हलवला, डिशवॉशरखाली बघितलं, कपाटं उपसली. वास दिवाणखान्यात जास्त येत होता. मी सोफ्यावर पाय पसरून कोणाला तरी फोनवर वड्याची गोष्ट सांगत होतो. ती टॉर्च घेऊन माझ्यापर्यंत आली, पंचा उचलला आणि टॉर्च पायावर धरला.

"दिलीप," ती म्हणाली, "उंदीर तू आहेस."

दोरा

दवाखान्यात ज्या डॉक्टरीणबाई आल्या त्या मूळच्या नायजेरियाच्या. उंच, शांत, आणि हसायचा परवाना सरकारने रद्द केल्यासारख्या गंभीर. पाय बघून त्यांनी तोंड वाकडं केलं नाही, त्यावरून मी ओळखलं की प्रकरण वाईट आहे.

त्यांच्या हातात एक काडी होती, तिच्या टोकाला नायलॉनचा बारीक दोरा. म्हणाल्या, "डोळे मिटा. पायाला दोरा लागला की हो म्हणा."

मी डोळे मिटले. गप्प बसणं माझ्या प्रकृतीला मानवत नाही, म्हणून मी त्यांना वड्याची गोष्ट सांगायला लागलो. टॅपिओका, म्हणजे आपला साबुदाणा, फुटतो म्हणजे काय, हे समजावलं. आमच्या पिढीची हाडं कशी वेगळी, तेही सांगितलं. बराच वेळ झाला. बाई काही सुरूच करेनात.

"डॉक्टर," मी म्हणालो, "सुरू करा की आता."

 मंजूने माझा दंड असा आवळला, की तिची नखं लागली. ती मात्र व्यवस्थित लागली.

"झालं," बाई म्हणाल्या. "दोन्ही पायांचं झालं."

मी डोळे उघडले. दोरा माझ्या अंगठ्यावर वाकलेला होता. मी त्याच्याकडे बघत होतो आणि तो मला लागत नव्हता. दुसऱ्याच कोणाच्या तरी पायाला कोणी गुदगुल्या करत असावं आणि मी खिडकीतून बघत असावा, तसं.

"तेल पडलं तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत, असं सांगितलंत ना?"

"नाही ओरडलो."

"तो शूरपणा नव्हता. तुम्हाला कळलं नाही. शुगरने पायाच्या नसा मेल्या आहेत. बहुधा काही वर्षांपूर्वीच."

मंजू रडायला लागली ती पायासाठी. खरं सांगतो, त्या क्षणी मला पाय आठवला नाही. मला टाळ्या आठवल्या. एक-एक करून परत गेल्या त्या.

"करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलेलं आहे," बाई म्हणाल्या. "मी फक्त ती काढणार. पायाचं बघू."

"बघू म्हणजे? राहील का पाय?"

"प्रयत्न करते," त्या म्हणाल्या. गोड बोलायची पद्धत त्यांच्या कॉलेजात शिकवली नसावी.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. सई डॅलसला असते. तिला मी गोष्ट जरा रंगवून सांगितली, दोरा तलवारीएवढा केला. 



"बाबा, यू स्टूड इन बॉयलिंग ऑइल अँड यू डिडन्ट नो," ती म्हणाली. "प्लीज डोन्ट मेक इट फनी."

बोंबलणारी मांडी

बोटं गेली. चादरीखाली पायाचा उंचवटा एका बाजूने उतरता झाला, एवढाच फरक. मी तो रोज बघायचो. आता पायावर कातडं लावायचं होतं, आणि ते माझ्याच मांडीचं काढून लावायचं होतं.

इथे एक गंमत ऐका. जो पाय तेलात तळला गेला तो मुका. आणि जिने कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं त्या मांडीचं पापडाएवढं कातडं सोललं, तर ती अशी बोंबलली की मेक्सिकोच्या सीमेवरचे पहारेकरी सावध झाले. मांडीवरून चादर सरकली तरी माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मी आईच्या नावाने ओरडलो, बापाच्या नावाने ओरडलो, मोघेच्या नावानेही एकदा ओरडलो. पिढीची हाडं वगैरे सगळं विसरलो.

ड्रेसिंग बदलायला रोझा नावाची नर्स यायची. दंड पैलवानाचे, आवाज लहान मुलीचा. पायाची जखम ती ब्रशने घासायची आणि मी तिच्याशी गप्पा मारायचो. मांडीच्या पट्टीला तिने नुसता हात लावला की मी कॉटवरून उडायचो.

"दुखतंय?" ती विचारायची.

"मरतोय!"

"छान," ती म्हणायची. "म्हणजे ही जिवंत आहे."

आणि पायाकडे वळून गाणं गुणगुणायला लागायची. तिच्या त्या गुणगुणण्याची मला भीती वाटायची. पायाला काही वाटत असतं तर ती गाऊ शकली नसती.

भेटायला लोक आले. मोघे म्हणाला, "चला, पेडिक्युअरला आता कमी वेळ लागेल." एक काका मंजूला बाजूला घेऊन, म्हणजे माझ्या कानापासून हातभर अंतरावर, म्हणाले, "पाय गेलाच तरी डावा आहे ना? मग गाडी चालवायला अडचण नाही, इथे क्लच कुठे असतो!" अमेरिकेत इतकी वर्षं काढली की माणूस असा विचार करतो. आणि एक जोडपं डबा घेऊन आलं. उघडला तर साबुदाण्याची खिचडी. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं, नुसती माया. मंजू बाथरूममध्ये जाऊन हसली की रडली ते तिने मला अजून सांगितलेलं नाही.

घरी

आई मात्र आली नाही. मी घरी फोन केला की ती मंजूकडून फोन घ्यायची आणि विचारायची, "कधी येऊन राहिला?" मी सांगायचो, की पायाला काही कळत नाही आई, नसा गेल्या.

"लहानपणी शाळेत जायचं नसलं की पाय दुखते म्हणे," ती म्हणायची. "आता दुखत नाही म्हणते. मी कोणतं खरं धरू?"

घरात त्या दोघींचं बोलणं बंद होतं. आई स्वयंपाकघरात असली की मंजू गॅरेजमध्ये, मंजू स्वयंपाकघरात आली की आई देवापुढे. दवाखान्यात मंजू खुर्चीत बसून सफरचंद कापायची आणि ते सफरचंद म्हणजे कोण आहे हे मला कळायचं.

"तिने सांगितलं जोडे काढ," ती म्हणायची.

"मी काढले ना. तिने नाही ओढले."

"तेच तर. छप्पन वर्षांचा आहेस तू, दिलीप. सहा नाहीस."



टपालाची पेटी

चालायच्या व्यायामाला मला चाकाच्या खुर्चीतून खाली न्यायचे. तिथे बिल नावाचा एक जण भेटला. मोठ्या पोटाचा, पांढऱ्या मिशीचा टेक्सन, डाव्या पायाला गुडघ्याखाली काही नाही. माझा पाय बघून त्याने विचारलं, "काय तळत होतास?"

"टॅपिओका."

 "मी टर्की," तो म्हणाला.

मला आनंद झाला. या देशात इतक्या वर्षांत एवढा जवळचा माणूस मला भेटला नव्हता. मी विचारलं, "टर्कीने एवढा पाय नेला?"

"टर्कीने फक्त एक बोट नेलं. पाय टपालाच्या पेटीने नेला."

ऑगस्टमध्ये तो घरातून रस्त्याकडेच्या पेटीपर्यंत अनवाणी गेला होता, टपाल आणायला. ऑगस्टमधलं इथलं काँक्रीट म्हणजे तवाच. त्याला कळलं नाही. तिथे उभा राहून त्याने सगळी पाकिटं वाचली, शेजाऱ्याशी बोलला, परत आला आणि सोफ्यावर बसला. बायकोने पाय बघितला तेव्हा तळव्याचं कातडं मागे, ड्राइव्हवेवर राहिलं होतं.

मला थाप मारायची सवय असल्याने दुसऱ्याची थाप मी लगेच ओळखतो. ही थाप नव्हती.

"तुला जोडा देतील," तो म्हणाला. "काढू नकोस. खुद्द गव्हर्नर दारात आला तरी काढू नकोस."

डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना तेच सांगितलं, फक्त मिशीशिवाय. एक पाऊलही अनवाणी नाही. घरातसुद्धा नाही. जोडा घालण्याआधी आत हात फिरवून बघा, खडा आहे का. रोज आरशात तळवे बघा, कारण पाय आता तुम्हाला काही सांगणार नाही. "आणि पुढच्या वेळी आलात," त्या म्हणाल्या, "तर मी बोटांपासून सुरुवात करणार नाही. घोट्यापासून करीन."

हे सगळं तुम्हीही करा. मी ज्या किमतीत शिकलो त्या किमतीत शिकू नका.

टाचणी

घरी आलो तेव्हा उन्हाळा लागला होता. दारात आई भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभी. माझ्यावरून ओवाळून टाकलं, डोळ्यांना पाणी लावलं. माझ्या पायाकडे बघितलं नाही, जोड्याकडे बघितलं. काळा, चामड्याचा, जाड तळाचा, एखाद्या लहान होडीएवढा.

"काढ तो," ती म्हणाली. "हातपाय धू आणि आधी महादेवाला नमस्कार कर."

मंजू मागे गाडीतून सामान काढत होती. आणि मी काय केलं असेल? वाकलो. हात पट्ट्यापर्यंत गेला. छप्पन वर्षांची सवय. मग मला बिलची ती टपालाची पेटी आठवली.

"नाही काढता येत, आई. आता कधीच."

"काहून?"

"काही टोचलं, भाजलं तर मला कळत नाही."

"कळत नाही म्हणजे? पाय तुझा आहे ना?" तिचा आवाज चढला. "देवाजवळ जोडा न्यायसाठी थापा मारून राहिला! महादेवाच्या तोंडावर! बस इथं. दाखव."

दाराजवळच्या स्टुलावर बसलो. जोडा काढला, मोजा काढला, पाय तिच्यासमोर धरला. ज्या जागी दोन बोटं नव्हती तिथे ती बघत राहिली. करंगळी माझी तिच्या वडिलांसारखी वळलेली होती, असं ती सगळ्यांना सांगायची. तिचा चेहरा हलला नाही. मग तिने हातातल्या बांगडीला अडकवलेली टाचणी काढली, सेफ्टीची, साडीला लावतात ती.

"डोळे मीट," म्हणाली. "लागलं की बोल."

मी मिटले. स्वयंपाकघरातून उदबत्तीचा वास येत होता. आईच्या बांगड्या वाजल्या, थांबल्या, पुन्हा वाजल्या. मी वाट बघत बसलो.

"टोच ना आई," मी म्हणालो. "कधी टोचतेस?"

"आई!" दारातून मंजूची किंकाळी आली. "काय करताय तुम्ही!"

मी डोळे उघडले. माझ्या अंगठ्यावर रक्ताचे थेंब होते, एकाशेजारी एक. टाचणी आईच्या हातात होती.

मंजू त्या वेळी आईला जे बोलली ते ती आजवर कोणालाही बोललेली नाही. बोटं तुम्ही घेतलीत, आता पाय हवाय का, असं बोलली. समोर सासू आहे हे बघितलं नाही, म्हातारी बाई आहे हेही बघितलं नाही.  आईने ते ऐकलंच नसावं.

"कधीपासून रे?" तिने मला विचारलं.

"माहीत नाही."

"मले काहून नाही सांगितलं?"

"मलाच कुठे माहीत होतं, आई?"

तिने पदराने रक्त पुसलं. मग खाली वाकून तो जोडा उचलला. माझ्या आईने जन्मात चामड्याला हात लावलेला नाही. बाबांच्या चपला वाटेत आल्या तर काठीने सरकवायची. तिने तो जोडा मांडीवर घेतला, आत हात घालून, फिरवून, खडा आहे का ते बघितलं. हे तिला कोणी सांगितलं होतं? मंजू फोनवर सईला सांगत असताना तिने ऐकलं असणार. म्हणजे ती ऐकत होती. जोडा तिने माझ्या पायात चढवला आणि पट्टा आवळला.

"जा देवाजवळ," म्हणाली. "असाच जा."

चुकलं असं ती म्हणाली नाही. आजवर म्हणालेली नाही. हे लिहू का, असं मी तिला विचारलं तर म्हणाली, "लिही. तुझं कोण खरं मानते?"

टाचणीची ती भोकं मंजूने लगेच धुतली, औषध लावलं. तरी आठवड्याच्या आत अंगठा लाल झाला, मग जांभळट, मग पायावर लाल रेघ वर चढायला लागली. अंगठा वाचला, हे आधीच सांगून टाकतो. सुरुवातीला तीन बोटं म्हणालो त्यात तो आहे. पण त्या दिवशी गाडीत आम्हाला ते माहीत नव्हतं. मंजू गाडी चालवत होती. मागच्या सीटवर आई बसली होती, मांडीवर पर्स, पर्समध्ये पिंड. या वेळी तिला कोणी 'चल' म्हणालं नव्हतं. ती आधीच गाडीत जाऊन बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी अंगठा प्रकाशाखाली धरला. कोपऱ्यातल्या खुर्चीत आई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिला इंग्रजी येत नाही. चेहरे येतात.

"काहीतरी टोचलंय," बाई म्हणाल्या. "एकदा नाही, बऱ्याचदा. कशाने?"

"निवडुंग," मी म्हणालो.

"निवडुंग?"

"अंगणात आहे आमच्या. आठ फुटी. अंगावर आला."

"जोड्यातून?"

"टेक्सासचा निवडुंग आहे, डॉक्टर."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग कोपऱ्यात बघितलं. तिथे एक म्हातारी आपल्या बांगड्या मुठीत गच्च धरून बसली होती, एकही वाजू नये म्हणून. मग त्या मंजूकडे वळल्या. माझ्या प्रत्येक आकड्याला कात्री लावणारी बाई ही, हे त्यांना एव्हाना चांगलं माहीत होतं.

"आठ फुटी?" त्यांनी तिला विचारलं.

मंजूने आईकडे बघितलं.

"नऊ असेल," ती म्हणाली.